गाठ, हद्द आणि एक गाजलेलं पुस्तक

सिद्धार्थ मुखर्जी यांचं ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ हे पुस्तक मी आतापर्यंत तीन वेळा वाचलंय. पहिल्यांदा पुण्यात एमएस्सी करताना, मैत्रिणीकडून आठवड्याच्या बोलीवर उसनं घेऊन. तेव्हा त्यानं मला झपाटलं आणि पुढे काय करायचं तेही जवळपास ठरवून टाकलं. दुसऱ्यांदा इथे अमेरिकेत, प्रबंधाची प्रस्तावना लिहिताना सोपी भाषा सापडेना म्हणून. तिसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी, सांगलीहून आईचा बायोप्सी रिपोर्ट आला त्या आठवड्यात. पहिल्या दोन वाचनांत मला हे पुस्तक परिपूर्ण वाटलं होतं. तिसऱ्या वाचनात ते अपुरं पडलं, तेही नेमक्या त्या जागी जिथे मला त्याची गरज होती. कुठे आणि का, ते सांगण्यासाठी हा लेख.

रिपोर्टचा फोटो बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. डाव्या स्तनातली सूक्ष्म गाठ. ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू, मध्यम ग्रेड.’ खाली एक ओळ: घुसखोरीचा पुरावा दिसत नाही. मी फोन केला. बाबा म्हणाले, “मला ते इंग्रजी नको सांगूस. कॅन्सर आहे का नाही, एवढंच सांग.”

मी कॅन्सरच्या प्रयोगशाळेत काम करते. पेशी आपली जागा सोडून कशा निघतात, हाच माझ्या संशोधनाचा विषय. तरीही त्या क्षणी तोंडातून आलं ते मुखर्जींचंच वाक्य, माझ्या शब्दांत: “बाबा, पेशींची अनियंत्रित वाढ म्हणजे कॅन्सर. इथे तशी वाढ आहे. म्हणजे...” पुढे काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. बाबा गप्प झाले. फोन स्पीकरवर होता. मागून आईचा आवाज आला, “म्हणजे पसरलाय का गं?”

आईनं हे पुस्तक वाचलेलं नाही. पण विचारायला हवा होता तो प्रश्न तिनंच विचारला.

आधी पुस्तकाचं श्रेय पुस्तकाला. २०१० साली ते आलं, २०११ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, २०१५ मध्ये त्यावर तीन भागांची माहितीपट मालिका निघाली. दिल्लीत वाढलेल्या आणि बॉस्टनमध्ये कॅन्सरतज्ज्ञ म्हणून शिकणाऱ्या एका तरुण डॉक्टरनं चार हजार वर्षांचा इतिहास असा सांगितला, की माझ्यासारख्या कितीतरी मुलामुलींना विज्ञान हे गोष्टीसारखं वाचता येतं याचा शोध लागला. सिडनी फार्बर आणि मेरी लास्कर या जोडीची प्रकरणं, विल्यम हॉलस्टेडच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण, तंबाखू कंपन्यांविरुद्धच्या लढ्याचं प्रकरण: ही मी आजही विद्यार्थ्यांना वाचायला देते. रुग्णाचं माणूसपण मुखर्जी कुठेही हरवू देत नाहीत. इतक्या जाड पुस्तकात हे साधणं सोपं नाही.

माझी तक्रार पुस्तकाच्या पायाशी आहे. कॅन्सर हा एक रोग नसून अनेक रोग आहेत आणि त्यांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे पेशींची अमर्याद वाढ, असं पुस्तक सुरुवातीलाच सांगतं. हे वाक्य चूक नाही. पण ते अर्धं आहे. अमर्याद वाढ ही साध्या गाठीतही असते. गर्भाशयातला फायब्रॉइड घ्या. तो वाढतो, काही जणींच्या पोटात चांगला किलोकिलोचा होतो, पण जवळजवळ कधीच कॅन्सर होत नाही. दंडावर चरबीची गाठ वीस-वीस वर्षं असते, हळूहळू लिंबाची मोसंब्याएवढी होते, आणि माणूस दुसऱ्याच कशानं तरी म्हातारपणी जातो. उलट काही मिलिमीटरचा मेलॅनोमा जीव घेऊ शकतो. आकार, वाढ, पेशींची संख्या यांतलं काहीच एकट्यानं चांगली गाठ आणि वाईट गाठ यांत फरक करत नाही.

मग फरक कशानं होतो? हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरोघरच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ इथे आहे.

आपली कातडी, आतडं, स्तनातल्या दुधाच्या नळ्या या सगळ्यांना पेशींचं अस्तर असतं. त्या अस्तराखाली एक अतिशय पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजेन या प्रथिनांचं ते विणकाम. त्याची जाडी साधारण ५० ते १०० नॅनोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा हिस्सा. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या पडद्याच्या पलीकडे असतात, अलीकडे नसतात. म्हणून अस्तरातली एखादी पेशी कितीही बहकली, कितीही विभागली, नळी ठासून भरली, तरी पडदा शाबूत आहे तोवर तिला बाहेरगावी जायला रस्ताच नसतो. आईच्या रिपोर्टमधल्या ‘इन सिटू’ या दोन शब्दांचा अर्थ हाच: आहे त्या जागी. पॅथॉलॉजिस्ट नळीभोवतीच्या स्नायूसारख्या पेशींचं कडं खास रंग देऊन बघतात. कडं अखंड दिसलं की गाठ हद्दीत आहे. एका जागी जरी पेशी बाहेर सांडलेल्या दिसल्या, तरी रिपोर्टचा मथळा बदलतो आणि पुढचे उपचारही बदलतात.

साधी गाठ आजूबाजूच्या भागाला ढकलते, दाबते, पण त्यात शिरत नाही. म्हणून सर्जनला ती बऱ्याचदा अख्खी सोडवून काढता येते. हद्द ओलांडणारी गाठ शेजारच्या भागात बोटं घालते. तिची कड कुठे संपते हे हाताला कळत नाही. ग्रीकांनी या रोगाला खेकड्याचं नाव दिलं आणि आपला ‘कर्करोग’ही तिथूनच आला. ते नाव गाठ मोठी असते म्हणून पडलेलं नाही. खेकड्याच्या पायांसारखं ती चहूबाजूंना पसरते, रुतून बसते, हे पाहून ते दिलं गेलं असं मानतात. म्हणजे नाव देणाऱ्यांचं लक्ष कडेवर होतं.

प्रयोगशाळेत मी हे रोज बघते. प्लास्टिकच्या बशीत साध्या गाठीच्या आणि घुसणाऱ्या गाठीच्या पेशी वाढवल्या, तर नुसत्या वाढीच्या वेगावरून कोणती कुठली ते ओळखता येईलच असं नाही. त्यासाठी आम्ही एक छोटी वाटी वापरतो. तिच्या तळाला आठ मायक्रॉनची छिद्रं असतात आणि त्यावर मॅट्रिजेल नावाच्या जेलचा थर. हे जेल म्हणजे बनावट बेसमेंट मेम्ब्रेन. गंमत म्हणजे ते मिळवतात उंदराच्याच एका ट्यूमरमधून. वरच्या बाजूला पेशी सोडायच्या, खालच्या बाजूला त्यांना आवडणारं खाद्य ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली किती उतरल्या ते मोजायचं. काही पेशी वर दाटीवाटीनं वाढत राहतात, पण खाली एकही उतरत नाही. काही संथ वाढतात, पण रातोरात पडदा पोखरून खाली पोचतात. वाढणं आणि ओलांडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या वाटीत डोळ्यांना दिसतं.

हा मुद्दा मी नव्यानं मांडत नाहीये. २००० साली डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी कॅन्सरची सहा लक्षणं सांगणारा प्रसिद्ध लेख लिहिला. मुखर्जींच्या पुस्तकात त्याला मानाचं स्थान आहे. स्वतःहून वाढायची क्षमता, थांबायच्या आज्ञा न ऐकणं, मरण टाळणं, अमर्याद विभाजन, स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेणं, आणि शेजारी घुसून दूर पसरणं. २०१० मध्ये, म्हणजे मुखर्जींचं पुस्तक आलं त्याच वर्षी, युरी लाझेब्निक यांनी एक साधा प्रश्न विचारला: यातली पहिली पाच लक्षणं तर साध्या गाठींतही सापडतात, मग ती कॅन्सरची लक्षणं कशी? उरतं ते सहावं. रुग्णाचा जीव बहुतांशी जातो तो त्या सहाव्यामुळे. पुस्तकात मात्र ते यादीतल्या सहा जणांपैकी एक म्हणून येतं आणि कथा पुढे सरकते.

असं का झालं असावं? मला वाटतं, कारण कथेच्या सुरुवातीत आहे. पुस्तक ल्युकेमियापासून सुरू होतं. मुखर्जी त्याचं कारणही देतात आणि ते पटणारं आहे: रक्तातल्या पेशी मोजता येतात, औषध दिल्यावर त्या कमी झाल्या की वाढल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, म्हणून केमोथेरपीचा जन्म तिथे झाला. पण ल्युकेमियाला ओलांडायला हद्दच नसते. रक्तपेशींचं कामच मुळी फिरायचं. तिथे कॅन्सर म्हणजे वाढ, हे समीकरण चपखल बसतं. मग तेच समीकरण स्तन, आतडं, फुप्फुस यांच्या गाठींना लावलं की ते तोकडं पडतं. शास्त्रज्ञांच्या इतिहासासाठी निवडलेलं प्रवेशद्वार वाचकाला रोग समजण्यासाठी योग्य असेलच असं नाही.

खरं तर मुखर्जींच्या हातात दुसरा धागा होता. तीन जागी तो चमकून जातो. एक, हॉलस्टेडच्या प्रकरणात. कॅन्सर मुळापासून उपटायचा म्हणून स्तनाबरोबर छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, आणखी काय काय कापत जाणारी ती शस्त्रक्रिया पाऊण शतक चालली. बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी दाखवून दिलं, की रोग आधीच दूर गेला असेल तर जास्त कापून उपयोग नाही आणि गेला नसेल तर इतकं कापायची गरज नाही. म्हणजे प्रश्न ‘किती मोठी’ हा नव्हता, ‘कुठवर गेली’ हा होता. पुस्तक हे प्रकरण सर्जनांच्या अहंकाराची गोष्ट म्हणून रंगवतं. ती तशी आहेच. पण ती गाठीच्या हद्दीचीही गोष्ट आहे, आणि तो अर्थ वाचकाला स्वतः काढावा लागतो.

दुसरी जागा बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या कामाची. आतड्यातला छोटा पॉलिप ते घुसणारा कॅन्सर हा प्रवास एकेका जनुकातल्या बदलानं, पायरीपायरीनं, अनेक वर्षांत होतो. बहुतेक पॉलिप पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच आयुष्य काढतात. पण आतड्याचे बहुतेक कॅन्सर मात्र पॉलिपमधूनच आलेले असतात. या दोन्ही विधानांतला फरक ज्याला कळला, त्याला कोलोनोस्कोपीचं महत्त्वही कळलं आणि पॉलिप निघाला म्हणून घाबरायचं नाही हेही कळलं.

तिसरी जागा जॉर्ज पापानिकोलाऊ यांची. गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासण्याची त्यांची पद्धत म्हणजे हद्द ओलांडण्याआधीच गाठायची युक्ती. या प्रकरणापुढे मला एक मराठी प्रकरण जोडावंसं वाटतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीनं, ३० ते ५९ वर्षं वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांच्या अभ्यासात टाटाच्या सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी साध्या व्हिनेगरनं तपासणी केली. व्हिनेगर लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो, आणि ते बघायला शिकलेली आरोग्यसेविका पुरते. २०१३ मध्ये जाहीर झालेला निकाल: मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. पडदा शाबूत असताना पोचायचं, एवढंच. कॅन्सरच्या इतिहासातले असे विजय युद्धाच्या गोष्टीत बसत नाहीत, कारण इथे लढाई व्हायच्या आधीच संपलेली असते.

युद्धाची गोष्ट हा पुस्तकाचा कणा आहे. निक्सन यांनी २३ डिसेंबर १९७१ रोजी कॅन्सर कायद्यावर सही केली, तेव्हापासून ‘कॅन्सरविरुद्ध युद्ध’ हा शब्दप्रयोग अमेरिकेच्या अंगवळणी पडला. सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ च्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’मध्ये या लष्करी भाषेवर कडक टीका केली, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार त्यांनी स्वतः घेतले होते. मुखर्जी सॉन्टॅगना मानतात, युद्धाच्या रूपकाकडे संशयानंही बघतात, पण कथेला वेग हवा असला की त्याच रूपकाकडे वळतात. सम्राट, सैन्य, आघाड्या, शत्रू. आणि युद्धात शत्रू हा शत्रूच. तो सीमेच्या आत बसलाय का बाहेर पडलाय हे विचारायला कुणाला सवड नसते.

इथे मराठीचाही प्रश्न येतो. गाठीच्या इन्व्हेजनला आपण आक्रमण म्हणतो, घुसखोरी म्हणतो. दोन्ही शब्दांत परका माणूस आहे. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना त्या शब्दाची धार ठाऊक आहे. पण ही पेशी परकी नसते, घरचीच असते. इतकंच नव्हे, ओलांडण्याची कलाही तिनं बाहेरून आणलेली नसते. गर्भाच्या वारेतल्या पेशी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, तिथल्या रक्तवाहिन्या आपल्याशा करतात आणि ठरावीक खोलीवर थांबतात. तसं झालं नसतं तर आपण कोणी जन्मलोच नसतो. थांबायला हवं तिथे न थांबणं, हा कॅन्सरचा बिघाड.

‘बिनाइन’ला आपण कुठे सौम्य म्हणतो, कुठे निरुपद्रवी, आणि बोलताना ‘साधी’. यातला ‘निरुपद्रवी’ हा शब्द मला आता खटकतो, त्याला कारण आहे. माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी मेंदूच्या आवरणाची गाठ निघाली, मेनिंजिओमा. ‘बिनाइन आहे’ असा निरोप आल्यावर घरी पेढे वाटले. मीही ग्रुपवर हात जोडलेले चार इमोजी टाकले. ती गाठ कुठेही पसरली नाही, पसरणारही नव्हती. पण ती दृष्टीच्या नसेला खेटून होती, आणि ‘साधीच आहे ना’ म्हणून तपासणी आठ महिने पुढे ढकलली गेली. शस्त्रक्रिया नीट झाली, मात्र मावशीची उजव्या डोळ्याची नजर परत आली नाही. कवटीत जागा नसते. तिथे नुसतं ढकलणंही पुरतं. सगळ्या घरात एकमेव ‘शास्त्रज्ञ’ मी होते आणि ‘कुठे आहे?’ हा प्रश्न मीही विचारला नव्हता.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची जाण जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ यांची वेगळी वर्णनं आहेत. अर्बुद गोल, स्थिर, खोल मूळ असलेलं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. आणि एका अर्बुदावर किंवा त्याच्या जोडीला दुसरं उठलं तर त्याला वेगळं नाव. आजच्या वर्गीकरणाशी हे एकास एक जुळवायचा अट्टहास मी करणार नाही. सूक्ष्मदर्शक नसताना तो पडदा कुणाला दिसणार नव्हता. पण गाठ हलते का, तिचं मूळ किती खोल आहे, हे बोटांनी तपासून नाव ठरवायचं, ही दृष्टी योग्य होती. आजही स्तनातली गाठ तपासताना डॉक्टर ती बोटाखाली सरकते का हे आधी बघतात.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की ही हद्द मी वर लिहिली तितकी सरळ प्रत्येक ठिकाणी नसते. आतड्यात पेशी पडदा ओलांडून थोड्या आत शिरल्या तरी, त्याखालचा स्नायूचा पातळ थर ओलांडेपर्यंत त्या पसरण्याची शक्यता नगण्य मानतात. कातडीचा बेसल सेल कार्सिनोमा शेजारी घुसतो, नाक-कान खाऊन टाकू शकतो, पण दूर क्वचितच जातो. थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठीला वर्षानुवर्षं कार्सिनोमा म्हणत. अशा, कवच न ओलांडलेल्या गाठी असलेल्या १०९ रुग्णांचा १० ते २६ वर्षांचा मागोवा घेतल्यावर एकालाही रोग उलटलेला दिसला नाही. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी त्या गाठीच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला. एका शब्दापायी किती लोकांनी संपूर्ण थायरॉइड गमावलं असेल, किती जणांनी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलं असेल, याचा विचार केला की शब्द नेमका वापरणं हाही उपचाराचा भाग वाटतो.

आईच्या रोगाबद्दलही हाच वाद चालू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘कॉमेट’ या अमेरिकन चाचणीचे पहिले निष्कर्ष आले. कमी धोक्याच्या ‘इन सिटू’ गाठी असलेल्या ९५७ बायका. काहींना नेहमीची शस्त्रक्रिया, काहींवर फक्त नियमित लक्ष. दोन वर्षांत घुसणारा कॅन्सर सापडण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के, लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के; म्हणजे थांबून पाहणाऱ्यांचं नुकसान झालं नाही. पण दोन वर्षं हा या रोगात लहान काळ आहे, आणि जास्त ग्रेडच्या गाठींना हे लागू नाही. तरी ‘कार्सिनोमा’ शब्द दिसला की लगेच कापा, हा नियम आता निर्विवाद राहिलेला नाही.

मुखर्जींच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायलाच हवी. २०१७ मध्ये त्यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये कॅन्सरच्या पसरण्यावर एक मोठा लेख लिहिला. परक्या तळ्यात शिरलेले शिंपले कुठे माजतात आणि कुठे मरून जातात, या उदाहरणातून, आणि स्टीफन पॅजेट यांच्या १८८९ च्या ‘बी आणि माती’ या कल्पनेचा आधार घेत, त्यांनी विचारलं की आपण फक्त पेशीकडेच का बघत राहिलो, ती जिथे रुजते त्या जमिनीकडे का नाही? पुस्तकाला जे जमलं नव्हतं ते या लेखाला जमलं आहे. स्वतःच्या गाजलेल्या मांडणीच्या पुढे जायला लेखकाकडे मोकळेपणा लागतो, तो त्यांच्याकडे आहे. पण घराघरांत पोचलं ते पुस्तक. लेख किती जणांनी वाचला?

आईचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. पहिल्या सर्जननी त्याच आठवड्यात संपूर्ण स्तन काढायचा सल्ला दिला होता. “उगाच जोखीम कशाला,” असं आत्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं मत पडलं. मी त्या पहिल्या फोननंतर दोन दिवसांनी पुन्हा फोन केला आणि या वेळी आईच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: “नाही, पसरलेला नाही. नळीच्या बाहेर आलेला दिसत नाही. पुढे येऊ शकतो, म्हणून उपचार करायचे. पण आपल्याकडे वेळ आहे.” आई म्हणाली, “मग हे परवाच सांगायचंस की.” दुसरं मत घ्यायला तीन आठवडे लागले. शेवटी फक्त गाठीचा भाग काढला आणि रेडिएशन दिलं. काढलेल्या भागातही हद्द शाबूत होती. आई आता पूर्वीसारखी सकाळी फिरायला जाते आणि माझ्या फोनला उशीर झाला की रागावते.

पुस्तक मी अजूनही लोकांना देते. इथल्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंचा रिपोर्ट आला, तेव्हा तिनं मागितलं म्हणून गेल्या महिन्यातही दिलं. फक्त देताना पहिल्या पानावर पेन्सिलनं तीन प्रश्न लिहिले. हद्द ओलांडली आहे का? गाठ नेमकी कुठे आहे? ती किती वेगानं बदलते आहे? कॅन्सर म्हणजे अमर्याद वाढ, असं जिथे लिहिलंय तिथे समासात आईचा प्रश्न लिहून ठेवलाय. पुस्तकातलं ते वाक्य वाचताना तोही वाचला जावा, एवढीच इच्छा.